गाभ्याची फळी

१

गंगाखेडात बन्सीधरच्या घरी चहा प्यायचा तर पाहुणा आधी कपात वाकून बघतो, मग बशी उचलून खाली बघतो, आणि मगच पहिला घोट घेतो. उगं नाही. ह्या माणसानं सख्ख्या व्याह्याला विड्यात चुन्याच्या जागी दही लावून दिलं होतं. साखर कारखान्यात नोकरीला होता तेव्हा साहेबाच्या मिटलेल्या छत्रीत कोंडा भरून ठेवला आणि मिरगाची वाट बघत बसला. एकदा तर भरदुपारी मेल्याचं सोंग घेऊन पडला, आणि शेजारच्या गीताबाईनं गळा काढला तसा एक डोळा उघडून म्हणाला, "वैनी, जरा सुरात."

अशा माणसाची एकुलती एक लेक ईश्वरी. परभणीला दिलेली, जावई नागेश सालस, सासर बरं. पण तिचं पोट दोनदा खाली झालं होतं. दोन्ही वेळा बन्सीधर दवाखान्याच्या पायरीवर बसला आणि त्याला एकही कोटी सुचली नाही. औंदा तिसऱ्यांदा दिवस गेले, सातवा लागला, आणि पोर बाळंतपणाला माहेरी आली. तेव्हा बन्सीधरचं तोंड परत सुरू झालं. माणसाला आनंद झाला की तो पेढे वाटतो. हा टपल्या वाटतो.

ईश्वरीला डोहाळे लागले चिंचेचे. आता हे काही नवं नाही, समद्या बायांना लागतात. पण ही पोर चिंच चोखायची, चिंचोके भाजून खायची, टरफलंही पदरात राखून ठेवायची.

"अण्णा, चिंच आणा की."

"कालच आणली. किती लागती तुला?"

"लय लागती."

"लय म्हंजे किती गं माय?"

"आता झाडच आणा!" पोर हसत म्हणाली.

झालं. बन्सीधरच्या डोक्यात दिवा लागला.

परभणी रस्त्याला चंद्रभान मिस्त्रीचं लाकडाचं शेड आहे. चंद्रभान हा सुतार असा, की बाजल्याला पाय तीन लावले तरी गिऱ्हाईकाला पटवून देईल की चौथा उगं अडचणच करतो. पण लाकडाचा त्याला नाद. बन्सीधरनं त्याला सांगितलं की लेकीच्या डोहाळजेवणाला बंगई पाहिजे. परमुलखातले लोक झोपाळा म्हणतात तीच. कड्यांना टांगलेली फळी.

"आन् फळी पाहिजे चिंचेची."

"चिंचेची बंगई कोण करतंय, भाऊ? सागवान घ्या, शिसम घ्या."

"सागवानाचे डोहाळे लागतेत का कुणाला?"

चंद्रभान हसला, शेडच्या मागं गेला आणि ताडपत्री बाजूला केली. देवगाव फाट्याकडं रस्ता रुंद करताना पाडलेलं झाड, त्याचं ओंडकं वखारीत पडून होतं म्हणे, कुणी विचारीना, ह्यानं चिरून आणलेलं. आत भिंतीला टेकवून एकच फळी उभी होती. रुंद एवढी की दोन माणसं मांडी घालून बसावीत.

बन्सीधरनं तिच्यावर पाण्याचा हात फिरवला आणि गप झाला. असा तो होत नसतो.

कडा हरभऱ्याच्या पिठासारख्या पिवळट. मधोमध गाभा जांभळा-काळा, पिकल्या जांभळासारखा. आणि दोन्हीच्या मध्ये बारीक काळ्या रेघा. जशी कुणी काडी शाईत बुडवून नदी काढावी, नदीला ओढे काढावेत, ओढ्याला काठ काढावेत.

"रंगवली का रं ही?"

"कुणाची छाती हाय! झाड उभं असतानाच आतून डाग पडतोय. शिकलेले बुरशी म्हणतेत. पुण्या-मुंबईचे लोक ह्या डागावर जीव टाकायलेत, टेबलं करतेत, वाडगे कोरून घेतेत. आपल्याकडं काय? घाण्याची उखळी, न्हाईतर मोगरी, न्हाईतर खाटकाचा ठोकळा. सुरा कितीबी घाला, ढिम्म. माझ्या रंध्याचं पातं बगा, बोथट होऊन बसलंय."

"कीड?"

"पिवळं खाती. गाभ्याला तोंड लावत न्हाई."

"कामून?"

"कडू असंल." चंद्रभाननं फळीला थाप मारली. आवाज निघाला नाही. पोत्यावर मारावी तशी थाप आत मुरली. "ही ऐन गाभ्याची फळी हाय, भाऊ. दुर्मीळ."

"गाभ्याची?" बन्सीधरचे डोळे चमकले. "मग गाभणच म्हण की लेका! आमच्या घरी दोघी झाल्या."

चंद्रभान ठसका लागेस्तवर हसला. फळीच्या मधोमध एक काळा डाग होता, चिंचेच्या बुटकाएवढा, म्हणजे एका शेंगेएवढा, तसाच वाकडा. बन्सीधरनं त्याच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "बग, धरलाय पण!"

२

बंगई हॉलमध्ये टांगली. स्लॅबला हूक, हुकाला लोखंडी कड्या. जवसाचं तेल चोळलं तसं लाकूड असं उजळलं की गीताबाईसुद्धा, जिला जगात काहीच आवडत नाही, म्हणाली, "फळी बरी हाय."

डोहाळजेवणाला हॉल बायांनी भरला. ईश्वरी हिरव्या साडीत, अंगावर मोगऱ्याचे दागिने, पोट पुढं काढून, लाजत उभी. तिला बंगईवर बसवून ओटी भरायची. गीताबाई ताट घेऊन पुढं झाली आणि बन्सीधर मध्ये आडवा आला. बापाचं खरं म्हणजे तिथं कामच नव्हतं.

"थांबा! आधी मोठीचा मान."

"कोण मोठी?"

"ही." त्यानं बंगई दाखवली. "हीबी गाभण हाय. चंद्रभानला इचारा, त्यानंच सांगितलं. पाहुणी हाय, पोटुशी हाय, आन् तिला तसंच उपाशी ठेवता व्हय?"

बाया खिदळल्या. बन्सीधरनं खांद्यावरचं उपरणं डोक्यावरून घेतलं, आवाज बारीक केला, आणि बायकी मुरकत फळीला हळदीकुंकू लावलं. हिरवा खण अंथरला. ओंजळभर तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, वर नारळ. वाकून फळीच्या कानात, म्हणजे कडेला तोंड लावून, म्हणाला, "घ्या बाई ओटी. सुखानं मोकळ्या व्हा. लेकरू आमच्याच घरी होऊ द्या."

पार्वतीबाई, त्याची बायको, स्वयंपाकघरातून धावत आली. "अवं, ओटीचा काय खेळ करायलाव? भरली की भरली असती ती!"

"मग भरली," बन्सीधर म्हणाला. "वापस घेऊ का आता? पाहुणीला काय वाटंल?"

पार्वतीबाई रागावली, पण पदराआड तिचंही हसू फुटलं. खणासकट सगळं फळीच्या एका टोकाला सारलं आणि दुसऱ्या टोकाला ईश्वरीला बसवलं. तिची ओटी भरली. दुसरी.

पंगत मागच्या पडवीत होती. हॉलचं दार उन्हामुळं ओढलेलं, खिडक्या लावलेल्या. जेवणं उरकली तसा बन्सीधर बंगईजवळ आला, नारळ फोडून खोबरं तोंडात टाकावं म्हणून. उचलला तर फुलासारखा हलका. हलवला, पाणी वाजेना. पायरीवर आपटला.

आत खोबरं नव्हतं. सडलेलं नाही, वाळलेलं नाही, नव्हतंच. करवंटी आतून पुसून ठेवल्यासारखी. आणि खणावर तांदळाचा एक दाणा नव्हता.

बन्सीधर पायरीवरच बसला. आणि काय वाटलं असेल त्याला? भीती? छे. गडी खूश झाला! एवढ्या वर्षांत त्याच्यावर कुणी बाजी उलटवली नव्हती. नारळाच्या डोळ्यातून आतलं सगळं काढायचं, बाहेरून चीर दिसू द्यायची नाही, म्हणजे कारागीर पक्का. चंद्रभान? त्याच्या गिरमिटाचं काम? का गीताबाईनं, त्या 'सुरात'चा सूड? त्यानं करवंटी उन्हात धरून उलटीपालटी केली. नारळाचे तिन्ही डोळे बंद होते.

"निघंल," तो म्हणाला. "कोण हाय ते निघंल भाईर."

३

निघेना.

दुपारी घर निजलं की बन्सीधर बंगईवर येऊन पडायचा. एका दुपारी पडायच्या आधी त्यानं सवयीनं पायानं धक्का दिला. बंगई हलली नाही. परत दिला. तेव्हा ती सावकाश, नको-नको करत पुढं गेली आणि तशीच जडपणं मागं आली, जशी वर कुणी बसलेलं असावं. कड्या वाजल्या त्याही रिकाम्या बंगईसारख्या किणकिण नाहीत. भरल्या बंगईसारख्या, कुर्रर्र... कट. कुर्रर्र... कट.

त्यानं मनाला समजावलं. चिंच जडच असते. दगडाच्या जवळपास. तेल पाजलं ते पिऊन आणखी जड झाली. ह्यात काय?

पण लाकूड वाळतं तसं हलकं होतं, हे तर शेळ्या राखणारालाही कळतं. परभणीचा उन्हाळा. कूलर लावला तरी भिंतीला हात लावू देत नाही. त्या उन्हाळ्यात ही फळी रोज जड होत होती. हुकाजवळ स्लॅबचं प्लास्टर केसाएवढं तडकलं होतं.

मग डाग. चिंचेच्या बुटकाएवढा होता ना? आता एका दुपारी त्यानं तळहात ठेवला तर डाग तळहाताच्या बाहेर. वाकडेपणा तोच. एक टोक जाड, गोल. दुसरं टोक आत वळलेलं.

"आता सापडलास," बन्सीधर कुजबुजला. कुणीतरी शाई लावतंय. तेल-काजळ लावतंय. त्यानं सुताराची पेन्सिल आणली आणि डागाच्या कडेकडेनं बारीक रेघ ओढून घेतली. कुणाला दिसू नये इतकी बारीक. चोर रंग लावायला आला की रेघ पुसणार, हात काळा होणार. हॉलच्या दाराला आतून कडी घातली, स्वतः तिथंच सतरंजी टाकून झोपला.

सकाळी उन्हं आत आली. रेघ जशीच्या तशी होती. कुठंही पुसलेली नाही. डाग तिच्या बाहेर सरकला होता, चहूबाजूंनी सारखा, करंगळीभर.

त्यानं नखानं खरवडलं. रंग नव्हता. आतून आलेलं होतं.

पार्वतीबाईला त्यानं दाखवलं. ती पदराला हात पुसत आली, वाकली, बघितलं, आणि त्याच्याकडं बघितलं.

"पेन्सिल कुणाची?"

"माझी."

"मग रेघ आत कुणी काढली?"

"मी भाईर काढली होती गं! आता आत गेली."

"व्हय व्हय," ती म्हणाली. "आन् मागं तुमी मेला होता."

४

ईश्वरी बंगईवरून उठेनाशी झाली.

आधी सगळ्यांना बरं वाटलं. पोर आराम करायलीये. पण ती जेवायची तिथं, झोपायची तिथं. पोट सातव्यात होतं तेवढंच होतं, हनुवटी मात्र टोकदार झाली होती. परभणीच्या डॉक्टरीणबाईनं मशीन फिरवून सांगितलं, लेकराचं वजन वाढंना. खायला घाला. पार्वतीबाईनं तूप, खारका, डिंकाचे लाडू लावले. पोर खायची. सगळं खायची. कुठं जायचं कुणास ठाऊक.

एका सकाळी बन्सीधर तिच्याजवळ खाली बसला.

"ईशे, गादीवर नीज की जरा. फळी टोचती का न्हाई?"

"अण्णा, उठलं की ते गप होतंय."

"कोण?"

तिनं पोटावर हात ठेवला. "हिथं बसलं की हालतंय, लाता मारतंय. उठून आत गेले की काहीच न्हाई. निस्तं दगडावानी. मला भ्याव वाटतंय, अण्णा. आधीच्या दोन्ही टायमाला असंच गप झालं होतं." तिनं फळीची कड घट्ट धरली. "म्हणून म्या हिथंच बसते. हिथं ते हाय."

बन्सीधरला तोंड उघडून काहीतरी गमतीचं बोलायचं होतं. तो तिच्या पदरातली टरफलं गोळा करू लागला.

दुपारी पार्वतीबाईनं तिला न्हाणीत नेलं. हॉल रिकामा. लाईट गेलेली, कूलर बंद, पंखा बंद, पलीकडची पिठाची गिरणी बंद. असं गप झालं होतं की भिंतीवरच्या पालीचं पाऊल ऐकू यावं. बन्सीधर गुडघ्यावर बसला आणि त्यानं डागावर कान ठेवला. म्हातारपणी माणूस असली कामं करतो तेव्हा कुणी बघू नये म्हणून आधी दाराकडं बघून घेतलं.

लाकूड कोमट होतं.

आधी त्याला स्वतःच्याच कानातलं रक्त ऐकू आलं, सावकाश, म्हाताऱ्याचं. मग त्याच्या खालून दुसरं. बारीक, लगबगीचं, पळत्या उंदरासारखं. धकधकधकधक. ते त्यानं ऐकलं होतं कुठंतरी. परभणीला, डॉक्टरीणबाईच्या खोलीत, मशीनमधून.

त्यानं कान काढला. मनाला म्हणाला, गिरणी. गिरणी बंद. मोटार. लाईट गेलेली. कुणाची फटफटी. रस्ता उन्हात मोकळा पडलेला.

त्यानं परत कान ठेवला. आणि आतून, नेमकं गालावर, लाकडाला टणक धक्का बसला.

बन्सीधर मागच्या मागं फरशीवर पडला. न्हाणीतून ईश्वरीचा आवाज आला, "आई, बग, गप झालंय परत. हात लाव. हालंना." तो फरशीवर पडून छताकडं बघत राहिला, तोंड उघडं, आणि पहिल्यांदा त्याला खरोखर वाटलं की ही थट्टा कुणी माणूस करत नाहीये.

५

"कापून टाक," त्यानं चंद्रभानला सांगितलं.

"एवढी फळी? भाऊ, येडे झाले का? मी वापस नेतो की."

"वापस न्हाई. तुकडे कर. बारीक."

चंद्रभान कटर घेऊन आला. ईश्वरीला पार्वतीबाईनं कशीबशी आतल्या खोलीत पलंगावर टेकवलं होतं. "काय हे नवीन खूळ?" ती दारातून विचारत होती. "लेकराला तेवढीच आवडती जागा, तीबी मोडायलाव?"

बन्सीधरनं फळीची एक बाजू धरली. चंद्रभान मात्र खोडी काढायच्या बेतात होता. फळी कड्यांवरून काढू गेला तर दोघांना मिळून उचलेना. त्याचं हसू तिथं जरा कमी झालं. तो बंगईखाली वाकला. "ओली हाय ही," तो म्हणाला. "भाऊ, पाणी घालता का हिला?" आणि मग तो डागाकडं बघत राहिला. आधी सांगितलंय, त्याला लाकडाचा नाद. डाग कसा पडतो, कुठून कुठं जातो, त्याला ठाऊक. डाग लाकडाचे रेशे धरून जातो, लांबोळा. हा रेशांना आडवा, गोल वळलेला होता.

"हे असं पडत न्हाई," तो हळू म्हणाला.

"लाव कटर."

टोकाला लावलं. डागापासून लांब. पातं फिरलं, ओरडलं, लाकडात शिरलं. शिरलं तसा आतल्या खोलीतून ईश्वरीनं टाहो फोडला.

चंद्रभाननं हात मागं घेतला. टाहो थांबला. दोघं एकमेकांकडं बघू लागले. कोपऱ्यातल्या जाळीत एक माशी गुणगुणत होती. बन्सीधरनं मान हलवली, नको म्हणून. पण चंद्रभानचं मनगट सुताराचं, ते आपसूक परत पुढं गेलं. पातं नुसतं टेकलं.

"आई गं! अण्णा!"

कटर खाली पडलं, कॉर्ड ओढली गेली, बंद झालं. कापाच्या खाली फरशीवर भुसा पडला होता. कोरड्या लाकडाचा भुसा उडतो. हा बसला होता, गोळा होऊन, ओला, लालसर. चंद्रभाननं बोटावर घेतला आणि लगेच पायजम्याला पुसला. पुसत पुसतच तो दाराबाहेर गेला. चपला, कटर, गिरमिट, सगळं तिथंच. त्याला हाक मारायचं बन्सीधरला सुचलं नाही.

आत ईश्वरीला कळा सुरू झाल्या होत्या. अजून वेळ होता. वेळेच्या लय आधी. पार्वतीबाईनं नागेशला फोन लावला, गीताबाई आपल्या दिराची जीप घेऊन दारात आली. पोरीला दोघींनी धरून हॉलमधून न्यायला काढलं. आणि बन्सीधरला दिसलं.

बंगई हलत होती. आपली आपण, सावकाश. कुर्रर्र. पुढं गेली की ईश्वरी वाकायची, दात आवळायची. कट. मागं आली की सुटायची. परत कुर्रर्र.

त्यानं झेप घेतली आणि दोन्ही हातांनी फळी धरून ठेवली. छाती टेकवून. ईश्वरीनं दारात उभ्या उभ्या श्वास सोडला.

"थांबली," ती म्हणाली. "आई, थांबली कळ."

"चला की वो!" पार्वतीबाई ओरडली. "काय बंगईला मिठी मारून उभे राहिलाव?"

"तुमी जा. मला हे सोडता येत न्हाई."

"काय?"

"सोडलं की तिला दुखतंय. पारू, खरं सांगायलोय. जा तू."

पार्वतीबाई त्याच्याकडं बघत राहिली. एवढा संसार झाला, असं तिनं त्याच्याकडं कधी बघितलं नव्हतं. "आजसुद्दा?" ती म्हणाली. "आजच्या दिवशीसुद्दा तमाशा?" आणि दार आपटून गेली. जीप सुरू झाली. ईश्वरी काचेतून मागं बघत होती, त्याच्याकडं नाही, बंगईकडं.

६

ऊन हॉलच्या फरशीवरून सरकत सरकत भिंतीला लागलं. बन्सीधर गुडघ्यावर होता, हात फळीला. सोडायचं नाही एवढंच त्याला कळत होतं. मधूनच फळी ओढ घ्यायची, गायीचं वासरू दाव्याला ओढ घेतं तशी, आणि तो दात-ओठ खाऊन धरून ठेवायचा. दंड भरून आले. घाम फळीवर टपकायचा आणि टपकला तिथंच नाहीसा व्हायचा.

मन आपलं चालूच होतं. म्हाताऱ्या, उन्हानं डोकं फिरलंय तुझं. पोर दवाखान्यात, आणि तू एका लाकडाला कवटाळून. ऊठ. हात काढून बघ. काही होणार नाही. त्यानं एकदा खरंच बोटं सैल केली. फळी सरकली. कुठं कोसावर दवाखाना, पण त्याच्या अंगावर असा काटा आला, जणू तिचा टाहोच ऐकला. परत धरली.

मग एकाएकी फळीची ओढ संपली. जडपणा तसाच, पण ओढ नाही. कड्या गप. खिशातला फोन वाजला.

एका हातानं धरून त्यानं दुसऱ्यानं फोन काढला. पार्वतीबाईला फोन कानाला लावून बोलणं कधी जमलं नाही. तिचा फोन कायम तळहातावर, भोंगा चालू, सगळ्या गावानं ऐकावं असा. त्यानंही तसाच बटण दाबून फरशीवर ठेवला.

"झाली वो," ती म्हणाली. राग कुठल्या कुठं गेला होता. "मोकळी झाली ईशी. बरी हाय. शुद्दीत हाय."

"आन् लेकरू?"

तिकडं कुणाच्या तरी चपला, भांड्याचा आवाज.

"लेकरू रडंना." तिचा आवाज बारीक झाला. "दार लावून घेतलंय त्यायनी. आत थोपटायलेत म्हनं. मी, नागेश, गीताबाई, समदे भाईरच हाव. तुमी देवाचं नाव घ्या. ऐकायलाव ना? एकदा रडलं म्हंजे..."

बन्सीधरच्या हाताखाली काहीतरी हललं.

आधी मांजराच्या पिलासारखा आवाज आला, गळ्यात अडकलेला. मग एक उचकी. मग श्वास, आत ओढलेला, लांब. आणि मग हॉलमध्ये, त्या कड्यांच्या मधोमध, त्याच्या तळहाताखाली, नुकतं जन्मलेलं लेकरू जीव खाऊन रडायला लागलं.

त्याचे केस उभे राहिले. हात चिकटल्यासारखा तिथंच. 

"अगं बाई!" फोनमधून पार्वतीबाई किंचाळली. "रडलं! रडलं वो! नागेश, ऐकलं का?"

"ऐकलं की! मामी, रडलं!" जावयाचा आवाज फाटलेला, हसता हसता हुंदका. गीताबाई मोठ्यानं नाव घेत होती देवाचं. कुणीतरी टाळ्या पिटल्या. कुणीतरी म्हणालं, पेढे आणा, पेढे. "कसं खणखणीत रडायलंय बगा," पार्वतीबाई रडत म्हणत होती. "अवं, ऐकू येतंय ना तुमाला? नात हाय का नातू कुणास ठाऊक. ऐका तर!"

बन्सीधर ऐकत होता. त्याचं तोंड उघडं होतं. त्याला सांगायचं होतं, पारू, ते तिकडं न्हाई रडत. पण ती हसत होती. एवढं मोकळं ती डोहाळजेवणालाही हसली नव्हती. ती हसते आहे तोवर तरी हसू दे म्हणून, का भीतीनं, त्याची जीभ उचलेना.

मग फोनमध्ये कडी वाजली. दार उघडलं. एक परका, दमलेला बाईचा आवाज आला.

"काय गोंधळ लावलाय? कोण रडलं म्हणतंय?"

टाळ्या थांबल्या. सगळंच थांबलं. रडणं तेवढं चालू होतं. आधी हॉलमध्ये, आणि पाठोपाठ, किंचित उशिरानं, फोनमधून उलटून परत हॉलमध्ये.

"अवं," पार्वतीबाई म्हणाली. एकेक शब्द तुटत होता. "तुमच्याकडं... कोण रडायलंय?"

 लेकरू रडून रडून निळं होईल, एवढंच बन्सीधरच्या मनात आलं. दुसरं काही त्याला सुचलंच नाही. त्यानं डोळे मिटले, बंगईला हलकेच झोका दिला, आणि म्हणाला, "उगी... उगी माझ्या राजा. हाय मी, हाय."

रडणं एका हुंदक्यावर उतरलं. तळहाताखालची फळी आता लाकडासारखी टणक नव्हती. ओली, ऊन ऊन आणि मऊ. त्यात काहीतरी चाचपत, शोधत वर आलं, आणि इवल्या इवल्या बोटांनी त्याची करंगळी घट्ट धरली.